हात मागे

सरांच्या घरी चहाची पूड शोधायची तर दशांश चिन्ह कळावं लागे. मोखाड्याला आठवड्याच्या बाजाराच्या मैदानामागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीतल्या फळीवर प्रत्येक डब्याला पांढरी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर आकडा. ग्रंथालयात खाण्यापिण्याच्या पुस्तकांचा वर्गांक सहाशे एक्केचाळीस. सरांनी आधी सगळ्याच डब्यांना तोच लावला, आणि अर्थातच काही सापडेना. मग त्यांनी पुढे दशांश दिले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते बाहेर कुणाला तरी पुस्तक देत होते. तिथूनच म्हणाले, "बाई, चहा दशांश दोनमध्ये. साखर शेजारी नाही, ती तीनमध्ये." मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

जव्हारच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथालयशास्त्र शिकवते, तिथले ते पूर्वीचे ग्रंथपाल. मी लागले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण ग्रंथालयातला शिपाई अजून कुठलीही खुर्ची हलवताना "सरांनी इथं ठेवली होती" असं म्हणायचा. उंच, वाळके, बाहीचं बटण मनगटापर्यंत लावलेलं. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. विद्यार्थ्यांना, जीपवाल्यांना, पहिलीतल्या मुलांना. ओट्यावर येऊन झोपणाऱ्या कुत्र्यालाही "अहो, जरा सरका" म्हणताना मी ऐकलंय. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नसावं, कारण विचारलं असतं तर त्यांनी सविस्तर उत्तर दिलं असतं आणि ते गावभर झालं असतं.

निवृत्तीनंतर मोखाड्याला येऊन त्यांनी ओट्यावर वाचनालय काढलं आणि फोनवर छोटे छोटे व्हिडिओ करायला लागले. वाचनालयाचा अर्ज कसा भरायचा, तहसील कचेरीत कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो, मुलांचा निकाल कुठे बघायचा. दीड-दोन मिनिटांचे. त्यात सरांचा चेहरा कधीच नसे. कागद, कागदावरून फिरणारं बोट आणि आवाज. आवाजही पुस्तकी नव्हे. ओट्यावर येणाऱ्या माणसांना ते आधी वाक्य म्हणून दाखवत, "तुमच्या पाड्यात हे कसं म्हणतील?" असं विचारत, आणि ते लोक सांगतील तसं बोलत. जीपमध्ये बसलेली माणसं गाडी भरायची वाट बघत ते व्हिडिओ बघायची. सुरुवातीला "नमस्कार मित्रांनो" नसे. "मित्र आहेत की नाहीत ते आधी बघावं," असं सरांचं म्हणणं.

आमच्या अभ्यासक्रमात ग्रंथालयांसाठी व्हिडिओ करण्याचा विषय नव्याने आला, तेव्हा सगळ्याच महाविद्यालयांची पंचाईत झाली. मुलांना शिकवायचं होतं आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणालाच येत नव्हतं. म्हणून विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं, तेही मे महिन्यात आमच्याकडे जव्हारला, कारण इथे जरा गार असतं. मुंबईहून यायचे ते प्रशिक्षक आयत्या वेळी येत नाहीत म्हणाले. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मोखाड्याच्या सरांना विचारता का? पण जरा सांभाळून बोला म्हणावं, बाहेरची माणसं आहेत."

मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनमध्ये माझी नेमणूक नव्याने होते, किंवा होत नाही. प्राचार्यांनी हेही सांगितलं होतं की शेवटच्या दिवशी विद्यापीठाची समिती येईल, प्रत्येकाचा एक व्हिडिओ आणि शिकवण्याची आखणी बघेल, आणि माझं काम पसंत पडलं तर हा विषय मला मिळेल. विषय मिळाला की पाय जरा टेकतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सांभाळून बोला हा निरोप मी सरांना दिला. ते म्हणाले, "कुणाला सांभाळायचं?"

पहिल्या सकाळी त्यांनी आम्हा बारा जणांना एक मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगितलं. एक पुस्तक फळीवरून वाचकाच्या हातात जातं, एवढंच दाखवायचं. तासाभराने बघायला बसले. त्यांची बघण्याची रीत अशी की आधी आवाज बंद करून बघायचं, मग डोळे मिटून नुसतं ऐकायचं, मग दोन्ही एकत्र. बारा जणांचं प्रत्येकी तीनदा. नाशिककडून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, विभागप्रमुख, दोन पुस्तकं नावावर असलेले. त्यांच्या व्हिडिओत ते कपाटासमोर उभे राहून वाचनसंस्कृतीवर बोलत होते. सरांनी तीनदा बघितलं, तीनदा ऐकलं आणि विचारलं, "पुस्तक कुठंय?"

"मी त्याविषयीच बोलतोय ना."

"हो. पण वाचकाच्या हातात तुम्ही गेलात. पुस्तक फळीवरच राहिलं."

आम्ही खाली बघून हसलो. प्राध्यापकांचे कान लाल झाले. हेच जरा मऊ शब्दांत सांगता आलं असतं. पण मऊ बोलणं सरांना जमत नसे, आणि जमत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नसे. माझा व्हिडिओ बघून म्हणाले, "बाई, आवाज लावू नका. तुमचा आहे तो पुरे आहे." मी रेडिओवरच्या निवेदिकेसारखी बोलले होते. वर्गातही मी तशीच बोलते, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी आजही माझ्या वर्गाच्या पहिल्या तासाला सांगते. म्हणाले, "व्हिडिओ करायला तुम्ही चार दिवसांत शिकाल. त्यात काही नाही, नववीतली मुलं शिकतात. तुम्हाला शिकवायला शिकायचंय, आणि ते अवघड आहे. ज्याला येतं तो दुसऱ्याच्या हातातला फोन ओढून घेतो आणि म्हणतो, अहो असं नाही, असं. त्याचा व्हिडिओ चांगला होतो आणि शिकणारा होता तिथेच राहतो. म्हणून हात मागे."

आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. शिकवताना ते नेहमी तसेच उभे राहायचे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आम्हाला जोड्या लावून दिल्या. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने हात मागे बांधून नुसतं तोंडाने शिकवायचं. पाच मिनिटांत सगळ्यांचे हात पुढे. सर रांगेतून फिरत होते आणि ज्याचा हात पुढे येईल त्याच्या कोपराला पेन्सिल लावत होते. पन्नाशीच्या माणसांना.

संध्याकाळी ते आम्हाला मोखाड्याच्या बाजारात घेऊन गेले, कारण त्या दिवशी बाजार होता. प्रत्येकाने एका अनोळखी माणसाला व्हिडिओ करायला शिकवायचं होतं, अर्थात हात मागे बांधूनच. ज्येष्ठ प्राध्यापकांच्या वाट्याला सुकट विकणारी एक म्हातारी आली. ते तिला "थोडं डावीकडे, नाही, तुमच्या डावीकडे" असं घामाघूम होऊन सांगत होते आणि ती शांतपणे फोन आपल्या सुकटीच्या ढिगावर धरून होती. मग तिने फोन वर केला आणि प्राध्यापकांवर धरला.

"हात कुणी बांधलं रे तुजं?" तिने विचारलं.

"त्यांनी," प्राध्यापक सरांकडे मान करून म्हणाले.

"काय चोरलास?"

तो व्हिडिओ आम्ही रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांनी बघितला. आवाज स्वच्छ, चेहरा नीट चौकटीत, उजेड पाठीमागे नाही. प्राध्यापक सगळ्यांत जास्त हसले. त्यानंतर दीड दिवस ते सरांवर खूश होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही सूर्यमाळला गेलो. तिथल्या एका पाड्यावर सरांनी एका घरात पुस्तकांची पेटी ठेवली होती, आणि त्या घरातली बाई ती सांभाळायची. तिशीपस्तिशीची असेल. वीटभट्टीवरून नुकतीच परतली होती. हंडे घेऊन दोनदा खालच्या विहिरीवर जाऊन आली आणि मग आमच्यासमोर बसली. तिचं नाव मी लिहीत नाही. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलंय. लिही म्हणाली, नाव तेवढं घालू नको.

व्हिडिओ करायची पाळी माझी होती. ऊन फार होतं. सर त्यांची काळी छत्री उघडून तिच्यावर धरून उभे राहिले. स्वतः उन्हात. मी विचारलं, "वाचता येऊ लागल्यावर सगळ्यात आधी काय वाचलंत?"

"बसचा बोर्ड," ती म्हणाली.

मला वाटलं, एवढ्यात संपलं. पण ती बोलायला लागली. तिची मुलगी तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. नवरा कामाला लांब गेलेला. ती पोरीला घेऊन पहाटे निघाली, जीपने मोखाड्याला आली. जव्हारच्या दवाखान्यात जायचं होतं. "स्टँडवर दोन गाड्या उभ्या. मला काय ठावं कुठली. एका बाईला विचारला, ती म्हणली हीच. बसले. गर्दी ही एवढी. कंडक्टर माझ्यापर्यंत आला, तवर गाडी पार घाटाला लागलेली. ती नाशिकची व्हती. तठंच उतरवला मला. रस्त्यावर एक झाड नाय. पोर मांडीवर, अंग नुसता तवा. गाडी नाय, काय नाय. जव्हारला पोचले तवा दिवस कलला व्हता. डाक्तर म्हणला, सकाळी आणायची ना." मुलगी वाचली. पण उजव्या कानाने तिला ऐकू येईनासं झालं. "मग मी ठरवला, बोर्ड वाचायचा. दुसरा काय नाय आला तरी चालंल." मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकातून ती अक्षरं शिकली.

चार मिनिटं ती बोलली. मी एक शब्द मध्ये घातला नाही. फोन हलू नये म्हणून श्वास धरून बसले होते. सरांची पद्धत अशी की प्रत्येक व्हिडिओची ग्रंथालयातल्या जुन्या तालिकापत्राच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डाच्या, कोऱ्या पाठीवर नोंद करायची. कोण, कुठे, कुणासाठी, कुणाच्या परवानगीने. त्यांनी तिला विचारलं, "हा कुणाकुणाला दाखवायचा?"

"दाखवा की," ती म्हणाली आणि कार्डावर सही केली. जपून, एक एक अक्षर काढून.

परतताना जीपमध्येच मी तो व्हिडिओ आमच्या गटावर टाकला. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, समितीला हाच पहिला दाखवा. बाकी आम्ही कुणी काही दाखवलं नाही तरी चालेल." त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईपेक्षा माझा जून जास्त दिसत होता.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास शिपाई सांगत आला की एक बाई आली आहे आणि छत्रीवाल्या सरांना विचारते आहे. सूर्यमाळहून जव्हारपर्यंत ती एकटी आली होती, दोन गाड्या बदलून. वर्गात यायला तयार नव्हती. सर आणि मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

"काढून टाका तो," ती म्हणाली. "कालचा."

मी विचारलं, "का हो? छान बोललात तुम्ही."

ती सरांकडे बघून बोलली. "चुकीच्या गाडीत बसले ते घरात कुणालाच ठावं नाय. गाडी उशिरा आली असा सांगितला तवा. सासू म्हणती, पोरीला बाहेरचा वारा लागला. नवरा म्हणतो, नशीब. मी काय बोलले नाय. इतकी वर्सं नाय बोलले. काल कसा तोंडातनं गेला." मग म्हणाली, "पोरीला ठावं नाय."

मी म्हणाले, "अहो, हा पाड्यावर कोण बघणार? फक्त समितीला..."

"फोन कुणाकडं नाय आता?" ती म्हणाली. नवरा भट्टीवर जीपवाल्यांनी पाठवलेले व्हिडिओच बघत बसतो, हेही म्हणाली.

माझ्याकडे तिच्या सहीचं कार्ड होतं. मी ते सरांना दाखवलं. खरंच दाखवलं. सर म्हणाले, "कालचं हो काल होतं, बाई."

मग त्यांनी वर्ग थांबवला. टेबलामागे बसले आणि एकेकाला फोन घेऊन बोलावलं. गटातून काढायचा, फोनमधून काढायचा, फोनच्या कचरापेटीतूनही काढायचा आणि ते त्यांच्यासमोर करायचं. दहा जणांनी मुकाट्याने केलं. ज्येष्ठ प्राध्यापक उठेनात.

"लेखी संमती आहे," ते म्हणाले. "आणि हा व्हिडिओ शंभर बायांना वाचायला लावेल. एका बाईच्या घरगुती भीतीपोटी तुम्ही हे पुसून टाकणार? हे शिकवायला बोलावलंय का तुम्हाला?"

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "ही तिची वस्तू आहे. आपल्याकडे एक दिवस होती. ती परत मागायला इतक्या लांब आली आहे. आपण काय म्हणायचं, आम्हाला आवडली, नाही देत?"

प्राध्यापक उठून आले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच काढा."

सरांचे हात मागे होते. "तुम्ही काढा. मी सांगतो कुठे दाबायचं ते."

सगळ्यात शेवटी मी गेले. फोनमधून काढला. "आणखी कुठे?" सरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आदल्या संध्याकाळी कापाकापी करायला म्हणून मी तो लॅपटॉपवर घेतला होता. तो तिथेच राहिला. मी कुणाला दाखवणार नव्हते. मग का ठेवला? इतकं चांगलं काम हातून पुन्हा होणार नाही, असं वाटलं असावं.

समिती दुसऱ्या दिवशी येणार होती आणि माझ्याकडे काही नव्हतं. सरांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला याचा राग आला, आणि थोडा अजून आहे. माणूस बरोबर वागला म्हणून त्याने दुसऱ्याचं नुकसान बघू नये असं थोडंच आहे. पण माझं तोंड त्या बाईने बघितलं असावं. परतीच्या गाडीला वेळ होता. ती व्हरांड्यातच बसली होती. मला म्हणाली, "माझा तोंड नको. पण बोर्ड कसा वाचायचा ता सांगते मी. हात घे माझा."

जव्हारच्या स्टँडवर आम्ही तो केला. सर नुसते छत्री धरून उभे. चौकटीत बसचा बोर्ड आणि तिचं बोट. पहिलं अक्षर बघायचं. 'ज' असा असतो, पोटाला गाठ असल्यासारखा. 'न'ला नाकासमोर दांडी. दोन्ही ओळखता आली की मग बाकीची. अख्खा शब्द यायची वाट बघू नका. नाय आला तर दोन माणसांना विचारा, एकाला नको. एक मिनिट चाळीस सेकंद. "दोन माणसांना विचारा" हे ती कुठून बोलली ते आदल्या दिवशीचा व्हिडिओ बघितलेल्या आम्हा लोकांनाच माहीत होतं.

समितीतल्या एका बाईंनी "चांगलाय, थोडा कोरडा वाटतो" असं म्हटलं. ज्येष्ठ प्राध्यापक मागच्या रांगेतून म्हणाले, "कोरडा नाही, मॅडम." एवढंच. विषय मला मिळाला.

तो बोटाचा व्हिडिओ अजून जीपमधून फिरतो. मीही तो वर्गात दाखवते. सर आता मोखाड्यात नाहीत. गेल्या वर्षी गुडघे अगदीच धरले, तेव्हा बहिणीकडे राहायला गेले. ओट्यावरचं वाचनालय शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंनी चालवायला घेतलं आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ मी सरांना पाठवते. दोन दिवसांनी तीन वेगवेगळे निरोप येतात. एक आवाज बंद करून बघितल्यावरचा, एक नुसतं ऐकल्यावरचा आणि तिसरा दोन्हीचा. कौतुकाचा शब्द नसतो. एकदाच एका मुलीच्या व्हिडिओवर "हात मागे होते वाटतं तुमचे" असं आलं होतं. ते मी जपून ठेवलंय.

पण लॅपटॉपचं सांगायचं राहिलं. ते सर मोखाड्यातच होते तेव्हाचं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलांना 'परवानगी' हा भाग शिकवायचा होता. तयारी करायला बसले आणि फाइल समोर आली. चार मिनिटं मी ती बघितली. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि मला शिकवता येईना. आजारी आहे असं सांगून तास सोडला आणि मोखाड्याची गाडी धरली.

सर ओट्यावर पुस्तकं पुसत बसले होते. पावसात पुस्तकांना बुरशी येते, त्यामुळे ते रोज दहा-दहा पुस्तकं काढून कोरड्या फडक्याने पुसायचे. मी सगळं सांगितलं. ते पुसत राहिले.

"तिला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हटलं आधी तुम्हाला..."

"मला कशाला? माझं काय आहे त्यात?"

मला वाटलं होतं, रागावतील, नाहीतर समजूत तरी घालतील. त्यांनी पुढचं पुस्तक घेतलं. बसा म्हणाले नाहीत. मी तशीच उभी राहिले, मग स्टँडवर गेले आणि सूर्यमाळच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.

ती नागलीच्या शेतात निंदणी करत होती. पाऊस थांबला होता. बांधावर उभं राहून मी तिला सांगितलं की मी तो व्हिडिओ लॅपटॉपवर ठेवून दिला होता आणि खोटं बोलले होते. तिने हात लुगड्याला पुसले आणि बांधावर येऊन बसली.

"दाव," म्हणाली.

तिने तो कधी बघितलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. बघून झाल्यावर म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा बघताना तिचे ओठ हलत होते. मग ती उठली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलीला हात हलवून बोलावलं. हाक मारली नाही. मुलगी आली, तेरा वर्षांची असेल, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली. आईने तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. त्या कानाने तिला ऐकू येतं.

मला वाटलं, आता दाखवणार. मी लॅपटॉप पुढे केला. तिने तो हाताने बंद केला.

"तिला दाखवायचा नाही?" मी विचारलं.

"कशाला? मी हाय ना इथं."

आणि ती बोलायला लागली, त्यांच्या घरच्या बोलीत, हळू. मला सगळं कळलं नाही. गाडी कळलं, घाट कळला. एका ठिकाणी तिने आपल्या मांडीवर हात ठेवला, तेही कळलं. त्या दिवशी सकाळी पोचली असती तर कान वाचला असता का, हे कुणालाच माहीत नाही. डॉक्टरही तसं म्हणाला नव्हता. पण ती दहा वर्षं तेच धरून बसली होती. मुलगी ऐकत होती. बोलणं संपल्यावर मुलीने आईचं खुरपं उचललं आणि आईची अर्धी राहिलेली ओळ निंदायला लागली.

"आता काढ," बाई मला म्हणाली. मी काढला. कचरापेटीतूनही.

परतताना मोखाड्याला गाडी बदलायची होती. सर ओट्यावरच होते. या वेळी त्यांनीच विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. मुलगी काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. काही म्हणाली नाही, ओळ पुरी करायला गेली.

"आणि तुम्ही?"

"मी काही नाही. बांधावर बसून राहिले."

"किती वेळ?"

"तिची ओळ संपेपर्यंत."

सरांनी हातातलं पुस्तक फळीवर जागेवर ठेवलं.

"मग उद्या तास घ्या," ते म्हणाले. "आता तुम्हाला शिकवता येईल."